सर्जिओ व्हिएरा डि मेल्लो : सगळ्यांशी बोलणारा माणूस बगदादमध्ये का मारला गेला

प्रश्न असा आहे : ज्यांच्या मृत्यूच्या तारखेला, म्हणजे १९ ऑगस्टला, जागतिक मानवतावादी दिन पाळतात, ते २००३मध्ये बगदादच्या बॉम्बहल्ल्यात मारले गेलेले संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी सर्जिओ व्हिएरा डि मेल्लो कोण होते? आणि चौतीस वर्षे युद्धांच्या तोंडाशी काढलेल्या माणसाला बगदादमधला धोका कसा कळला नाही?

निर्वासितांच्या मदतकार्यात आणि पुढे शांतता मोहिमांच्या नागरी विभागांत माझी उमेदीची वर्षे गेली. आमच्या पिढीत हे काम करणाऱ्या प्रत्येकाने सर्जिओंचे नाव ऐकलेले असे, आणि त्यांच्याबद्दल प्रत्येकाचे ठाम मत असे. माझेही आहे. प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. धोका त्यांना कळला होता. ज्या पद्धतीने काम करून ते आयुष्यभर सुरक्षित राहिले, ती पद्धत चालवायला जे अधिकार लागतात ते बगदादमध्ये त्यांना कोणी दिलेच नव्हते. हे नीट समजायचे तर त्यांची कारकीर्द सुरुवातीपासून पाहावी लागते.

जन्म १५ मार्च १९४८, रिओ दि जानेरो. वडील ब्राझीलच्या परराष्ट्र सेवेत, त्यामुळे बालपण बदल्यांच्या गावी गेले. पुढे पॅरिसला सॉर्बोनमध्ये तत्त्वज्ञान शिकले. मे १९६८च्या विद्यार्थी आंदोलनात पोलिसांचा मार खाल्ला; उजव्या डोळ्यावरचा तो व्रण शेवटपर्यंत होता. १९६९मध्ये ब्राझीलच्या लष्करी राजवटीने वडिलांना सक्तीने निवृत्त केले. ज्या सेवेने वडिलांना असे बाहेर काढले तिच्यात मुलगा गेला नाही. त्याच वर्षी तो जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयात लागला, तेही कागदपत्रांचे संपादन करण्याच्या साध्या कामावर. म्हणजे हे मुत्सद्दी कोणत्याही देशाचे राजदूत नव्हते. १९८४मध्ये बर्मिंगहॅमला आपल्या रवींद्र म्हात्रे यांचे अपहरण करून खून झाला तो ते भारताचे अधिकारी होते म्हणून. भारत सरकारकडून काहीतरी वसूल करायचे होते. सर्जिओंच्या पाठीशी असे कोणतेही सरकार नव्हते. त्यांच्यासारख्यांचे सारे संरक्षण एकाच गोष्टीवर उभे असते : हा माणूस आपल्या शत्रूचा नाही, एवढे समोरच्याला पटलेले असणे.

पहिली वर्षे भराभर सांगतो. १९७१-७२मध्ये ढाका. भारतात आश्रय घेतलेले सुमारे एक कोटी लोक नव्या बांगलादेशात परत येत होते, तेव्हाची ही नेमणूक. त्यानंतर १९७२च्या करारानंतरचा दक्षिण सुदान, १९७४चा सायप्रस, नुकताच स्वतंत्र झालेला मोझांबिक, मग पेरू. सगळीकडे काम तेच. याद्या करायच्या, धान्य आणि ट्रक मिळवायचे, कोणत्या रस्त्याने न्यायचे ते ठरवायचे, आणि तो रस्ता ज्याच्या ताब्यात असेल त्याच्याशी बोलणी करायची. मुत्सद्देगिरी म्हटली की लोकांना मेजवान्या आणि करारांवरच्या सह्या आठवतात. या शाखेतली मुत्सद्देगिरी चेकनाक्यावर शिकतात. बंदूक घेतलेल्या पोराला चिडवायचे नाही, घाबरलेले दिसायचे नाही आणि त्याच्या वरिष्ठाचे नाव माहीत असले पाहिजे. फील्डवर राहूनच सर्जिओंनी सॉर्बोनची डॉक्टरेटही पूर्ण केली. पण तत्त्वज्ञानाने त्यांना घडवले की चेकनाक्यांनी, असे मला विचाराल तर मी चेकनाके म्हणेन.

लेबनॉनमध्ये त्यांना पहिला मोठा धक्का बसला. १९८१ ते १९८३ ते दक्षिण लेबनॉनमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे राजकीय सल्लागार होते. जून १९८२मध्ये इस्रायली रणगाडे निळ्या झेंड्यांच्या चौक्या ओलांडून सरळ पुढे निघून गेले. शांतिसेनेला ते थांबवण्याचा अधिकारही नव्हता आणि बळही नव्हते. सुरक्षा परिषदेने दिलेले काम आणि प्रत्यक्षातली ताकद यांत केवढी दरी असू शकते, हे त्यांनी तेव्हा डोळ्यांनी पाहिले. बगदादचा विचार करताना हा प्रसंग लक्षात ठेवा.

कंबोडियाबद्दल मात्र सावकाश लिहायला हवे, कारण त्यांच्या कामाचा कस तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. ऑक्टोबर १९९१मध्ये तिथले युद्ध थांबवणारा पॅरिस करार झाला. थायलंडच्या सीमेवरच्या छावण्यांत साडेतीन लाखांहून अधिक कंबोडियन अडकून पडले होते, काहींचा जन्मच तिथला. मे १९९३च्या निवडणुकीआधी त्यांना घरी न्यायचे होते. मूळ योजना कागदावर छान होती : प्रत्येक कुटुंबाला दोन हेक्टर जमीन. प्रत्यक्षात पाहणी केली तर रिकाम्या जमिनीत भूसुरुंग पेरलेले, कुठे मलेरिया, कुठे आधीपासून कोणी कसत असलेले. दिलेला शब्द पाळणे अशक्य होते. अशा वेळी यंत्रणा सहसा योजनेची मुदत वाढवते आणि छावणीतले लोक आणखी एक पावसाळा काढतात. सर्जिओंनी योजनाच बदलली. जमीन नको असेल तर रोख रक्कम घ्या, प्रौढाला ५० डॉलर आणि लहान मुलाला २५, सोबत काही महिने पुरेल इतके धान्य, आणि कुठे जायचे ते तुमचे तुम्ही ठरवा. बहुतेकांनी रोख रक्कम निवडली आणि नातेवाईक जिथे होते ती गावे गाठली.

आज मदतीत रोख रक्कम देणे रुळले आहे. तेव्हा ते धाडस होते. पैसे उधळतील, गुंड काढून घेतील, सगळे राजधानीत गर्दी करतील, असे सगळे आक्षेप घेतले गेले. निर्वासिताला स्वतःचे हित कळते, हे सर्जिओंनी गृहीत धरले. मार्च १९९२मध्ये पहिला ताफा निघाला, आणि साधारण वर्षभरात साडेतीन लाखांहून अधिक लोक पोहोचलेही. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतले हे सर्वांत निर्मळ यश.

याच कामात त्यांची दुसरी बाजूही दिसते. परतीचे काही रस्ते ख्मेर रूजच्या ताब्यातल्या मुलखातून जात होते. १९७५ ते १९७९ या काळात लाखो कंबोडियनांच्या मृत्यूला जबाबदार असलेली ही संघटना. सर्जिओ जंगलात जाऊन त्यांच्या नेत्यांना भेटले, त्यांच्यासोबत जेवले, रस्ते मोकळे करून घेतले. पुढे १९९३-९४मध्ये बॉस्नियातही असेच. शांतिसेनेचे नागरी व्यवहार सांभाळताना बॉस्नियन सर्बांच्या नेत्यांशी त्यांचे संबंध इतके सलोख्याचे राहिले की सहकारी त्यांना पाठीमागे ‘सर्बिओ’ म्हणू लागले. त्याच सर्बांच्या वेढ्यातल्या सारायेव्होत माणसे स्नायपरच्या गोळ्यांनी मरत असताना हा सलोखा पुष्कळांना सहन झाला नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. १९९६च्या डिसेंबरात टांझानियाने रवांडाच्या निर्वासितांना महिनाअखेर परत जायला सांगितले, सैन्य लावून त्यांना सीमेकडे वळवले, आणि उच्चायुक्तालयाने त्या निर्णयाला साथ दिली. त्या प्रदेशातले मानवतावादी समन्वयक तेव्हा सर्जिओ होते. निर्वासिताला त्याच्या इच्छेविरुद्ध परत पाठवायचे नाही, हे उच्चायुक्तालयाचे मूळ तत्त्व. ते तिथे मोडले गेले असे मी मानतो, आणि त्यांच्याबद्दल कितीही आदर असला तरी हे लपवून त्यांचे चरित्र सांगता येणार नाही.

एवढे मात्र खरे की सर्वांशी बोलणे हा त्यांच्या बाबतीत गोड स्वभावाचा भाग नव्हता. ते त्यांचे हत्यार होते आणि चिलखतही तेच होते. ज्याच्या हातात बंदूक आहे त्याला आपल्याकडून काहीतरी हवे असते. कोणाला मान्यता हवी असते, कोणाला तांदूळ, कोणाला जगापुढे बोलायची संधी. ते देण्याची क्षमता आपल्याकडे असेल तोपर्यंत तो आपल्याला मारत नाही. फील्डवरचा प्रत्येक अनुभवी माणूस हा हिशोब मनात करत असतो, उघड बोलत नसला तरी.

१९९८मध्ये ते न्यूयॉर्कला मानवतावादी कामाचे प्रमुख झाले. १९९९च्या मे महिन्यात नाटोचे बॉम्बहल्ले चालू असताना पाहणी पथक घेऊन कोसोव्होत गेले आणि जूनपासून काही आठवडे तिथल्या नव्या प्रशासनाचे हंगामी प्रमुख होते. मग आले पूर्व तिमोर.

३० ऑगस्ट १९९९च्या सार्वमतात ७८.५ टक्के तिमोरींनी इंडोनेशियापासून वेगळे होण्याचा कौल दिला. त्यानंतर इंडोनेशियाच्या सैन्याच्या पाठिंब्याने सशस्त्र टोळ्यांनी जाळपोळ केली. बहुतेक इमारती गेल्या, बहुसंख्य लोक घराबाहेर पडले. ऑक्टोबरमध्ये सुरक्षा परिषदेने ठराव १२७२ केला आणि कायदे करण्याचा, राज्य चालवण्याचा, न्याय देण्याचा असा सगळा अधिकार एका माणसाकडे सोपवला. तो माणूस म्हणजे सर्जिओ. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासात क्वचितच कोणाला एवढी सत्ता मिळाली असेल. कर किती, चलन कोणते, न्यायाधीश कोण, शाळेत भाषा कोणती, सगळे त्यांच्या सहीने ठरणार.

पहिले वर्ष वाईट गेले. राजधानी दिली इथल्या बंदरात संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांसाठी तरंगते हॉटेल उभे होते, आणि किनाऱ्यावर तिमोरी तरुण बेकार बसून ते पाहत होते. पांढऱ्या गाड्या धावत होत्या, पण नोकऱ्या आणि निर्णय दोन्ही परदेशी लोकांकडे. चोवीस वर्षे परकी सत्ता सोसलेल्या लोकांना आणखी एक परकी सत्ता आल्यासारखे वाटले, तर नवल नाही. सर्जिओंचे मोठेपण मला यापुढच्या पावलात दिसते. २०००च्या मध्यावर त्यांनी आपले मंत्रिमंडळ वाटून टाकले, निम्मी खाती तिमोरींकडे दिली आणि आपल्या परदेशी अधिकाऱ्यांना तिमोरी मंत्र्यांच्या हाताखाली काम करायला लावले. त्यांच्या लोकांनी खूप कुरकुर केली, ठरावात असे लिहिलेले नाही म्हणाले. ठराव त्यांनाही पाठ होता. ३० ऑगस्ट २००१ला संविधान सभेची निवडणूक झाली आणि २० मे २००२ला देश स्वतंत्र झाला. स्वातंत्र्यलढ्याचे नेते झनाना गुस्माओ राष्ट्राध्यक्ष झाले आणि सर्जिओंनी सगळी सत्ता त्यांच्या हाती देऊन बॅगा भरल्या. पूर्व तिमोरच्या पुढच्या अडचणी, २००६ची दंगल वगैरे, हे सगळे खरे आहे. अडीच वर्षांत राज्ययंत्रणा उभी राहत नाही. पण मिळालेली पूर्ण सत्ता वेळेआधी वाटून टाकणारे किती प्रशासक आपण पाहिले आहेत?

सप्टेंबर २००२मध्ये ते मानवाधिकार उच्चायुक्त झाले. खुर्चीवर जेमतेम नऊ महिने होत नाहीत तोच इराक आले.

इथून पुढचे मी तारखांनिशी सांगतो, कारण दोष कोणाचा हे तारखांतून दिसते. मार्च २००३मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने सुरक्षा परिषदेच्या संमतीविना इराकवर हल्ला केला. २२ मे रोजी परिषदेने ठराव १४८३ केला. त्याने या दोन देशांना कब्जेदार सत्ता, म्हणजे देशाचा ताबा घेतलेली सत्ता, म्हणून मान्य केले, त्यांची कर्तव्ये आणि अधिकार मांडले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधीला कामे दिली ती समन्वय करण्याची, साहाय्य करण्याची, प्रोत्साहन देण्याची. तिमोरच्या ठरावाशेजारी हा ठेवून पाहा. एकात सर्व सत्ता, दुसऱ्यात एकही अधिकार नाही. परिषदेतल्या मोठ्या देशांना आपसातले भांडण मिटवायचे होते. त्या तडजोडीत संयुक्त राष्ट्रांना बगदादमध्ये फक्त उभे राहण्यापुरती जागा मिळाली. सर्जिओ जायला राजी नव्हते. शेवटी चारच महिने, या बोलीवर २ जूनला बगदादला पोहोचले.

पोहोचताच त्यांनी नेहमीचे काम सुरू केले. देशभर फिरले. अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांना भेट नाकारणाऱ्या शियांच्या सर्वोच्च धर्मगुरूंना, आयातुल्ला सिस्तानींना, नजफमध्ये जाऊन भेटले. इराकींची नुसती सल्लागार समिती नको, तिला काही प्रत्यक्ष अधिकार हवेत, असा त्यांनी आग्रह धरला. १३ जुलैला पंचवीस सदस्यांची शासकीय परिषद जाहीर झाली तेव्हा ते व्यासपीठावर होते. २२ जुलैला त्यांनी सुरक्षा परिषदेत तिची बाजू मांडली. १४ ऑगस्टला ठराव १५०० करून सुरक्षा परिषदेने तिचे स्वागत केले.

आता हेच सगळे बगदादच्या रस्त्यावरून पाहा. ज्या कॅनाल हॉटेलमध्ये त्यांचे कार्यालय होते तिथेच नव्वदच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्रनिरीक्षकांचे ठाणे होते. १९९०पासूनचे आर्थिक निर्बंध संयुक्त राष्ट्रांच्या नावाने लागले होते, आणि औषधांअभावी पोर गमावलेल्या बापाला निळा झेंडा म्हणजे काय वाटत असेल ते सांगायला नको. त्यात आता तोच झेंडा कब्जेदार सत्तेने नेमलेल्या शासकीय परिषदेशेजारी दिसू लागला. पडद्यामागे सर्जिओ ब्रेमरशी वाद घालत होते, कैद्यांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल तक्रार करत होते. बाहेर कोणाला काय माहीत? आणि जे मारायला निघाले होते त्यांना देण्यासारखे त्यांच्याकडे काहीही नव्हते. ख्मेर रूजला मान्यता हवी होती, सर्बांना वाटाघाट हवी होती. अबू मुसाब अल झरकावी या जॉर्डनी दहशतवाद्याच्या गटाला संयुक्त राष्ट्रे इराकमध्ये नकोच होती. तिथे तो जुना हिशोब चालणारच नव्हता.

७ ऑगस्टला जॉर्डनच्या दूतावासावर गाडीबॉम्बचा हल्ला झाला. इशारा यापेक्षा स्पष्ट असू शकत नाही. तरी कॅनाल हॉटेलभोवती अमेरिकी रणगाडे नकोत, ही तिथल्या वरिष्ठांची भूमिका होती. लोकांना आत यायला भीती वाटेल असे कार्यालय म्हणजे बंद पडलेले कार्यालय, हे त्यामागचे कारण. मी या भूमिकेला मूर्खपणा म्हणणार नाही. सैनिकांच्या गराड्यात बसलेल्या माणसाकडे कोणी सामान्य माणूस तक्रार घेऊन येत नाही. पण सैन्य नको म्हटल्यावर पर्यायी बंदोबस्त हवा होता, तो झाला नाही. कुंपणाची भिंत अपुरी होती. काचा फुटून उडू नयेत म्हणून लावायची फिल्म बहुतेक खिडक्यांना लागलेली नव्हती. सर्जिओंच्या खोलीखालून जाणारी गल्ली वाहनांना मोकळी होती. यांपैकी कशालाही फार पैसे लागत नव्हते, आणि या बाबतीत मी कोणालाही, सर्जिओंनाही, सूट देत नाही.

१९ ऑगस्टला दुपारी साडेचारच्या सुमारास स्फोटकांनी भरलेला ट्रक त्याच गल्लीत शिरला. बावीस जण मृत्युमुखी पडले, शंभराहून अधिक जखमी झाले. त्या वेळी सर्जिओ निर्वासितांच्या प्रश्नाचे अभ्यासक आर्थर हेल्टन आणि गिल लोशर यांच्याशी बोलत बसले होते. हेल्टन गेले. सर्जिओ आणि लोशर छताच्या मलब्याखाली अडकले, दोघेही जिवंत, दोघेही शुद्धीवर. विल्यम व्हॉन झेहल आणि आंद्रे व्हॅलेंटाइन हे दोन अमेरिकी सैनिक त्या खड्ड्यात उतरले. बचावाची साधने नव्हती. टेकू द्यायला लाकूड नाही, जॅक नाही. एक बायकी हँडबॅग आणि पडद्याची दोरी जोडून ते मलबा वर पाठवत राहिले. लोशर यांचे दोन्ही पाय जागीच कापून त्यांना बाहेर काढले, ते वाचले. सुमारे तीन तासांनी सर्जिओ गेले. वय पंचावन्न.

बॉम्ब कोणी ठेवला ते ठाऊक आहे. पण जगातले सर्वांत सुसज्ज सैन्य शहरात असताना एका ढिगाऱ्याखालच्या जिवंत माणसाला काढायला हँडबॅग वापरावी लागली, हे मला आजही पचत नाही. आपत्तीनंतरचे पहिले काही तास काय असतात ते या कामातल्या लोकांना माहीत आहे.

झरकावीच्या गटाने जबाबदारी घेतली. हल्ल्याच्या समर्थनात पूर्व तिमोरचाही उल्लेख आला : मुस्लिम इंडोनेशियापासून तो प्रदेश तोडणारा माणूस. त्यांचे सर्वांत मोठे काम मारेकऱ्यांच्या लेखी गुन्हा ठरले. या कटातला एक प्रमुख आरोपी २००७मध्ये इराकमध्ये फासावर गेला.

२२ सप्टेंबरला कॅनाल हॉटेलवर पुन्हा हल्ला झाला आणि त्यानंतर संयुक्त राष्ट्रांनी परदेशी कर्मचारी इराकबाहेर काढले. मारेकऱ्यांना हवे होते ते मिळाले. सर्जिओंना जिनिव्हात दफन केले. सुरक्षा परिषदेने आठवड्याभरातच, २६ ऑगस्टला, मदत कर्मचाऱ्यांच्या संरक्षणासाठी ठराव १५०२ केला. अशा कर्मचाऱ्यांवरचा जाणीवपूर्वक हल्ला हा युद्धगुन्हा आहे, याचा त्यात पुनरुच्चार होता. २००५मध्ये संयुक्त राष्ट्रांचा स्वतंत्र सुरक्षा विभाग सुरू झाला. १९ ऑगस्ट हा जागतिक दिन २००८च्या अखेरीस ठरला.

फील्डवर काय बदलले ते मी पाहिले. भिंती उंच झाल्या, गाड्या चिलखती झाल्या, गावात जायला परवानगीचे अर्ज आले. त्यातले पुष्कळ गरजेचे होते आणि त्याने जीव वाचले. पण त्याचबरोबर नवे अधिकारी देशात वर्ष काढूनही बाजारातल्या माणसाशी दोन वाक्ये बोललेले नसत, हेही खरे. मग कोण आपल्यावर चिडले आहे ते भिंतीआड कळायचे कसे?

चौकशी झाली. फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी अहतिसारी यांच्या समितीने ऑक्टोबर २००३मध्ये संयुक्त राष्ट्रांची सुरक्षाव्यवस्था निकामी असल्याचे स्पष्ट सांगितले. २००४मध्ये सुरक्षा समन्वयकांना राजीनामा द्यावा लागला, आणखी काही अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. उपमहासचिव लुईझ फ्रेशेट यांनी राजीनामा देऊ केला, तो महासचिव कोफी अन्नान यांनी स्वीकारला नाही. भिंत, काच आणि गल्ली यांचा जाब अशा रीतीने विचारला गेला. ज्या सरकारांनी ठराव १४८३ लिहिला आणि एका माणसाला हातात काही न देता कब्जेदार सत्तेच्या शेजारी उभे केले, त्यांच्यापैकी कोणालाही कोणी प्रश्न विचारला नाही.